चार आलोत, चारच जाऊ

सुतळीचे दोन बंडल, पाच किलो खडे मीठ आणि बिडीचा एक पुडा एवढंच घ्यायला शहादेव कल्याणरावांच्या दुकानात गेला होता. निदान घरून निघताना त्याने बायकोला, वत्सलाला, तसंच सांगितलं होतं. खरं काम वेगळंच होतं आणि ते काढायला त्याची जीभ रेटत नव्हती. सुतळी झाली, मीठ झालं, बिडीही झाली, तरी गडी दुकानाच्या पायरीवरून हलेना.

कल्याणरावांनी तराजू खाली ठेवला. "बोल की. मीठ न्यायला कुनी इतका वेळ बसत न्हाई."

दसरा होऊन चार दिवस झाले होते. त्या वर्षी पावसाने मृगात तोंड दाखवलं आणि जी पाठ फिरवली ती फिरवलीच. बाजरी वीतभर होऊन करपली, विहिरींनी तळ दाखवला आणि नव्या शिरसमाळची निम्मी घरं कुलपं घालून ऊसतोडीला गेली. उरलेल्यांना न्यायला दिवसाआड ट्रक येत होते. शहादेव आणि वत्सलाही दर साली जायचे. पण मागच्या साली, परक्या मुलखातल्या फडात, डोक्यावर उसाची मोळी असतानाच वत्सलाचं पोट दुखायला लागलं आणि आठव्या महिन्यातलं लेकरू पाचटाने शाकारलेल्या कोपीत मेलेलंच जन्मलं. बांधाच्या कडेला ते पुरून दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा फडात उतरली होती.

आता वत्सलाला परत सातवा लागला होता. या साली कोयता उचलायचा नाही, असं शहादेवने तिच्या पोटावर हात ठेवून सांगितलं होतं. सांगताना त्याच्या मनात एकच आधार होता, तो म्हणजे धरणातला मासा.

बहात्तरच्या दुष्काळात गावाने खडी फोडून जे धरण बांधलं, त्यानेच पुढे चार वर्षांनी गाव गिळलं. जुनी शिरसमाळ पाण्याखाली गेली, नवी वर माळावर बसली. ज्यांची घरं बुडाली त्यांनी मिळून मच्छीमार सोसायटी काढली. दर साली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पाण्यात सोडायची आणि मोठी झाली की काढायची. यंदा कटला चांगला हातभर झाला होता. पण पाणी उरलं होतं ते फक्त जुन्या गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर. सगळा मासा तिथे येऊन दाटला होता. आठ-पंधरा दिवसांत तेही पाणी आटणार आणि मासा चिखलात मरणार, हे कुणालाही दिसत होतं. आणि नेमकं त्याच जागी सोसायटीने आजवर एकदाही जाळं टाकलं नव्हतं.

"काका," शहादेवने एकदाचं तोंड उघडलं, "बेलाच्या आत जाळं टाकावं म्हणतो."

कल्याणरावांनी पंच्याने कपाळ पुसलं.

"तिथं आमचे अप्पा बसलेत," ते म्हणाले.

हे बोलणं ऐकायला विचित्र, पण शिरसमाळमध्ये त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. कल्याणराव लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. कपाळाला विभूती लावून, मांडी घालून, बसता ठेवून मातीत पुरतात. जुन्या गावातली त्यांची ती जागा नदीच्या वळणावर होती, कल्याणरावांचे वडील अप्पाही तिथेच बसवलेले, आणि तिची खूण म्हणजे एक बेलाचं झाड. झाड पाण्यात गेलं, खोड तेवढं टिकलं. कल्याणरावांनी जन्मात माशाला बोट लावलं नाही, पण धरणग्रस्त म्हणून तेही सोसायटीचे सभासद होते आणि त्यांनी सोसायटीकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती: बेलाच्या आत जाळं नको.

"तुला ठावं न्हाई, तू तवा पाळण्यात असशील," कल्याणराव सांगू लागले. "गाव उठायच्या आधी साहेब लोक घरोघर माणसं मोजत फिरले. नव्या गावात कुनाकुनाला न्यायचं, त्येची यादी. अप्पा उंबऱ्यात बसले. म्हणले, मी न्हाई येत, मला धरू नका. आठ दिस तसेच बसून. नवव्या दिशी म्हणले, बरं, येतो, धरा मला बी. आन त्याच राती गेले. यादी आली तवा त्यांच्या नावावर रेघ. त्या जागी बसवलेलं शेवटलं माणूस तेच. मागून चार दिसांत पानी आलं."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "यायचं म्हणून बसलेलं माणूस हाय ते, शहादेव."

शहादेव मिठाच्या पिशवीची गाठ आवळत राहिला. नको म्हणाले तर उद्या संध्याकाळच्या ट्रकमध्ये वत्सलाला चढवायची, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. कल्याणरावांनाही मागच्या सालची गोष्ट माहीत होती. गावात कुणाला माहीत नव्हती?

"जा," ते शेवटी म्हणाले. "जित्या लेकरासाठी जातोस, मी आडवा येत न्हाई. पर उजेडात जा, दिवस कलायच्या आत बाहेर नीघ. आन मोजणी नीट बोल."

* * *

मोजणी म्हणजे काय, ते सांगायला हवं. धरणात उतरायच्या आधी काठावर उभं राहून, ओंजळभर पाणी पाण्यातच सोडत, मोठ्याने म्हणायचं: इतके आलोत, इतकेच जाऊ. बाकीच्यांनी 'व्हय' म्हणायचं. बाहेर आल्यावर पुन्हा तसंच: इतके आलतो, इतके चाललो. ज्याने बेत आखला त्यानेच हे बोलायचं. बुडालेल्या गावावरून आपण ये-जा करतो, तेव्हा खाली असलेल्यांना आपला आकडा सांगून ठेवावा, म्हणजे त्यांच्यातलं कुणी आपल्यात येत नाही आणि आपल्यातलं कुणी त्यांच्यात राहत नाही, असा त्यातला भाव.

बारा वर्षांपूर्वी एकदा 'सहा आलोत' असं बोलून सहा जण उतरले. त्यातला एक जण कुणाला न सांगता पलीकडच्या काठाने बाहेर पडून टेकडीमागच्या पाहुण्यांकडे निघून गेला. बाहेर पाचच आले आणि घाईत कुणी लक्ष दिलं नाही. आठव्या दिवशी त्याच टोळीतला आसाराम, माशासारखा पोहणारा गडी, गुडघाभर पाण्यात पालथा सापडला. तेव्हापासून सोसायटीचे चेअरमन मोहनराव मोजणीच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नसत.

परवानगी मिळाली तशी शहादेवच्या अंगणात बेत शिजू लागला. मोहनराव होते, सोसायटीतलाच उत्तरेश्वर होता आणि अर्जुनराव होता. मोहनरावांनी कोळशाने शहाबादी फरशीवर पाण्याचा आकार काढला आणि मध्ये बेलाच्या खोडाचा ठिपका दिला.

"चार जण, चार कोपरे," ते म्हणाले. "मोठ्या जाळ्याचा एक-एक दोर एकाएकानं धरायचा. चौघांनी मिळून घेर आवळायचा. एक जरी ढिला पडला तर सगळा कटला त्याच बाजूनं पळंल."

"मी ढिला पडत नसतो तात्या," उत्तरेश्वर म्हणाला.

"तू भाकर खाताना बी ढिला पडत न्हाईस, ते समद्या गावाला म्हाईत हाय."

वत्सला चुलीपुढून हसली. तिला कितीतरी दिवसांनी हसताना बघून शहादेवला बरं वाटलं. ती माशाची भारी शौकीन. डोहाळेही माशाचेच लागले होते. "पयला कटला माझा," तिने बजावून ठेवलं होतं. ज्याचा बेत त्याच्या घरची शिदोरी, म्हणून चौघांच्या भाकरी तीच बांधणार होती. चार तराफे तपासून झाले. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून केलेले ते तराफे. त्यावर मांडी घालून बसायचं आणि हातातल्या फळकुटांनी पाणी कापत जायचं. चार तराफे, चार दोर, चार शिदोऱ्या. आठ दिवस शहादेवच्या तोंडात आणि डोक्यात दुसरा आकडा नव्हता.

आणि निघायच्या दिवशी पहाटे अर्जुनरावच्या ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक आला. दोन दिवसांनी येणारा ट्रक आधीच आला होता. अर्जुनराव बायकापोरांसकट बोचकी चढवतानाच शहादेवला भेटला. "जातो गड्या," एवढंच म्हणाला. त्याचाही नाइलाज होता.

"तिघात भागवू," मोहनराव म्हणाले. "चवथा दोर बेलाच्या खोडाला बांधू."

वत्सलाने मात्र चार शिदोऱ्या केव्हाच बांधल्या होत्या. बाजरीच्या दोन-दोन भाकरी, कांदा आणि वर पानात बांधलेली सुकटीची चटणी. तराफेही आदल्या दिवशीच काठावर नेऊन टाकले होते, चारही.

* * *

पाण्यापाशी पोचले तेव्हा सूर्य हातभर वर आला होता. धरण कसलं, भेगाळलेल्या काळ्या मातीचं ते एक अफाट ताट होतं. मधून जुन्या गावाच्या भिंती गुडघ्याएवढ्या वर आलेल्या. एका घराचा उंबरा, एका घराचं जातं, रांजणाची गोल जागा. वाळलेल्या शेवाळाचा आणि शिंपल्यांचा उग्र वास येत होता. पक्षी नव्हते. एवढा मासा दाटलेला असताना एकही बगळा नाही, हे उत्तरेश्वरच्या लक्षात आलं.

वळणावरचं पाणी हिरवट आणि जड दिसत होतं. मधोमध बेलाचं खोड, काळं, माणसाच्या कमरेएवढं वर आलेलं.

शहादेवने ओंजळ भरली. पाणी कोमट होतं. वत्सलाचं पोट, ऊसतोडीचा ट्रक, कटला, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. ओंजळ सोडत तो मोठ्याने म्हणाला,

"चार आलोत, चारच जाऊ!"

"व्हय," मोहनराव म्हणाले.

"व्हय," उत्तरेश्वर म्हणाला.

"व्हय."

आणि तिघं तराफ्यांवर बसले.

त्या क्षणी कुणालाच काही खटकलं नाही. आठ दिवस चाराचाच घोष चालला होता, तो जसाच्या तसा तोंडातून आला आणि कानांनीही तो तसाच घेतला. चौथा तराफा काठावर पालथा पडून होता.

उत्तरेश्वरने चौथा दोर खोडाला गाठ मारून बांधला. मग तिघं तीन बाजूंना पांगले. फळकुटांनी पाणी बडवत मासा आत घालायचा आणि हळूहळू दोर ओढायचा. चढत्या उन्हात पाण्यावर झळा नाचू लागल्या. समोरचं माणूस कधी लांब, कधी बुटकं दिसे. दूरवर मोहनराव मांडी घालून बसलेले, डाव्या हाताला उत्तरेश्वर मांडी घालून बसलेला. बेलापाशी...

शहादेवने डोळे चोळले.

बेलापाशी कुणीतरी मांडी घालून बसलं होतं.

अर्जुनराव शेवटी आला वाटतं, हा त्याच्या मनातला पहिला विचार. त्याला बरंही वाटलं. मग त्याने काठाकडे पाहिलं. चौथा तराफा होता तिथेच, पालथा, कोरडा. त्याने परत बेलाकडे पाहिलं. बसलेल्या माणसाखाली काहीच नव्हतं. ते पाण्यावर नव्हतं आणि पाण्यात बुडालेलंही नव्हतं. ताठ पाठीने, अगदी स्वस्थ बसलं होतं. तोंड पलीकडे होतं.

"तात्या..." त्याला हाक मारायची होती.

तेवढ्यात जाळं जड झालं. मासा आत आला होता. मोहनरावांनी हात वर केला आणि तिघांनी दोर ओढायला सुरुवात केली. खोडाला बांधलेला दोर एका जागी घट्ट राहायला हवा होता. पण शहादेवने पाहिलं, तोही आत सरकत होता. तिघं हातभर ओढत, तोही हातभर येई. तिघं थांबत, तोही थांबे. घेर चारी बाजूंनी सारखा आवळत गेला, इतका सारखा की एवढ्या वर्षांत कधी झाला नव्हता. आणि मग सगळं पाणी पांढरं होऊन उसळलं. कटला, रहू, वाम, एकावर एक. एकही मासा निसटला नाही.

उत्तरेश्वर आनंदाने ओरडत होता. शहादेवचे हात यंत्रासारखे चालत होते. पुन्हा बेलाकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

* * *

ठरल्याप्रमाणे व्यापाऱ्याचा टेम्पो कडा गावाहून आला आणि बर्फ घालून मासा घेऊन गेला. वत्सलासाठी एक मोठा कटला शहादेवने पिशवीत ठेवला. या साली कोयता नाही, हे आता नक्की झालं होतं. भीती होती, पण तिच्या शेजारी तो आनंदही होता.

बारा वाजून गेले होते. तिघं शिदोऱ्या ठेवलेल्या पडक्या भिंतीपाशी आले. तीन गाठोडी होती तशी होती. चौथं सोडलेलं होतं. फडकं नीट पसरलेलं, त्यावर भाकरीचा कणही नाही, कांदाही नाही. सुकटीच्या चटणीची पानाची पुडी मात्र न उघडता उचलून दूर, एका दगडावर ठेवलेली.

"कुत्रं आलतं वाटतं," उत्तरेश्वर म्हणाला.

मोहनराव त्या पुडीकडे बघत होते. "कुत्रं सुकट ठिवून भाकर खाईल का बे?"

वारा पडला होता. मोहनरावांनी सावकाश मान वळवून शहादेवकडे पाहिलं.

"शहादेव... सकाळी मोजणी किती बोललास?"

आता शहादेवला सगळं ऐकू आलं, पहिल्यापासून. स्वतःचा आवाज, 'चार'. मोहनरावांचा व्हय. उत्तरेश्वरचा व्हय. आणि तिसरा, शांत, म्हातारा, काठाच्या बाजूने नव्हे, पाण्याच्या बाजूने आलेला.

"चार," तो म्हणाला.

मोहनरावांनी चौथ्या फडक्याची घडी घातली. मग ते हलक्या आवाजात बोलले, "बोललेली मोजणी पुरी करावी लागती. तीन म्हणलास तर एक कमी पडतो. आसारामचं काय झालं ते तू बघितलंस. त्यो एक आपल्या तिघातला कुनीबी असंल."

"आन चार म्हणलो तर?"

"तर चार जातील."

शहादेवला वत्सला दिसली, कोपीत पाचटावर पडलेली, डोळे कोरडे. मी मेलो तर तिला पुन्हा त्याच फडात जावं लागेल, पोटातल्यासकट. त्याने फार विचार केला नाही. दुसरं कुणी असतं तर त्यानेही केला नसता. तो पाण्यापाशी गेला, ओंजळ भरली आणि डोळे मिटून म्हणाला,

"चार आलतो, चार चाललो."

या खेपेला मोहनराव आणि उत्तरेश्वर दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नाही. तरी 'व्हय' आला. अगदी जवळून, त्याच्या खांद्यामागून.

परतताना तिघंही एका ओळीत चालले आणि कुणी मागे वळून पाहिलं नाही. दिवस कलता कलता गावात शिरले तेव्हा कल्याणराव दुकानात गादीवर बसले होते. तिघांना बघून ते उठून उभे राहिले. तहसीलदार आला तरी न उठणारा हा माणूस, म्हणून शहादेव चपापला.

"किती जन आलात?"

"तिघं, काका. अर्जुनराव तोडीला गेला."

कल्याणराव मान हलवत राहिले. त्यांची नजर तिघांवर नव्हतीच. ती त्यांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर होती आणि तशीच हळूहळू सरकत शहादेवच्या घराच्या बोळाकडे गेली.

* * *

त्या संध्याकाळी शहादेवने कटला वत्सलापुढे धरला आणि ती तोंडाला पदर लावून अंगणात धावली. वासच सहन होईना. "न्या बाहीर, आधी न्या," ती ओकारी आवरत म्हणाली. कटला शेजारी द्यावा लागला. पोटुशी बाईचं असं होतंच, म्हणून शहादेवने मनाची समजूत घातली.

पण त्या रात्रीपासून वत्सलाला आडवं पडवेना. भिंतीला पाठ लावून, मांडी घालून बसल्या बसल्या तिला झोप लागे. आणि पोटातलं लेकरू हलायचं थांबलं. आधी ते दिवसभर लाथा मारायचं. आता एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. वत्सला पोटावर हात ठेवून तासन्‌तास वाट बघायची. तिचे डोळे पुन्हा मागच्या सालासारखे कोरडे होऊ लागले.

शहादेव तिला आष्टीला घेऊन गेला. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं. ठोके उत्तम आहेत, काळजी नको, पण आठवडाभराने परत आणा, असं ते म्हणाले. गावात आल्यावर भिवराबाई सुईणीने पोट चाचपून पाहिलं. तिचा हात वरपासून खालपर्यंत सावकाश फिरला आणि थांबला.

"जितं हाय. पर बसलंय बया," ती म्हणाली. "डोस्कं वर, पाठ ताठ. मांडी घातल्यागत. फिरंल म्हना अजून, येळ हाय. पर इतकं सरळ बसलेलं मी न्हाई बघितलं कदी."

आठव्या दिवशी कल्याणराव आले. बोलावलं नव्हतं. उंबऱ्याबाहेर चपला काढून, टोपी हातात घेऊन ते आत आले. वत्सला भिंतीशी बसली होती, शेजारी भिवराबाई होती. वत्सलाच्या कपाळावर राखेची तीन बोटं ओढलेली होती. चुलीतली राख तिने कधी लावली, ते तिलाही सांगता आलं नाही.

कल्याणराव तिच्यापुढे दोन हातांच्या अंतरावर बसले. साठीचा माणूस, पण चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"अप्पा?" ते हळूच म्हणाले.

लुगड्याखाली पोट हललं. सगळ्यांना दिसलं.

वत्सला रडत-हसत ओरडली, "हललं! अवो, हललं की!" तिने शहादेवचा हात ओढून पोटावर ठेवला. तिच्या तोंडावर असा उजेड शहादेवने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता. हाताखाली जे हललं ते मात्र लाथ मारल्यासारखं नव्हतं. बराच वेळ अवघडून बसलेलं माणूस जागच्या जागी सावरून बसतं, तसं होतं ते.

कल्याणरावांनी डोळे पुसले. "भिवराबाई," ते म्हणाले, "पोटात एकच हाय ना?"

"एकच की. दुसरं कुठनं येईल?"

कल्याणरावांनी शहादेवकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत आनंद होता, आणि आता त्यात दुसरंही काही मिसळलं. "एकच हाय," ते पुटपुटले. "मंग तुजं लेकरू..."

पुढचं त्यांनी गिळलं आणि टोपी घालून ते बाहेर पडले.

* * *

दुसऱ्या दिवशी शहादेव एकटाच धरणावर गेला. खोडाला बांधलेला दोर सोडून आणायचा आहे, असं त्याने वत्सलाला सांगितलं. ती दारात बसून होती, खुशीत होती, नाव काय ठेवायचं ते विचारत होती.

ऊन तसंच होतं. पाणी आणखी आटून अंगणाएवढं उरलं होतं. चौथा तराफा काठावर पालथा, कोरडा. बेलाचं खोड आता बुंध्यापर्यंत उघडं पडलं होतं आणि दोराचं टोक चिखलात लोळत होतं.

खोडापाशी कुणीतरी मांडी घालून बसलं होतं.

शहादेव डोळे ताणून बघत राहिला. झळांमुळे लांबचं बुटकं दिसतं, हे त्याला माहीत होतं. म्हणून तो दहा पावलं पुढे गेला, आणखी दहा गेला. तरी ते तेवढंच राहिलं. वीतभर. पाठ त्याच्याकडे, डोकं अंगापेक्षा मोठं, मान नीट न धरता आल्यासारखी एका बाजूला कललेली. उन्हात, चिखलात, एकटं.

त्याच्या छातीतून हुंदका फुटला. पळून जावं असं एकदाही त्याच्या मनात आलं नाही. उचलून घ्यावं, एवढंच वाटत होतं. पण घरी नेऊन ठेवायचं कुठे? तिथली जागा भरली होती. आणि इथे ठेवायचं कुणाच्या भरवशावर?

तो पाण्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला. त्याने ओंजळ भरली. पाणी बोटांतून गळू लागलं.

"एक आलोय," तो म्हणाला, आणि अडला. एक जाईन म्हणायचं की दोन, ते त्याला ठरवता येईना.

त्याने आकडा बोलायच्या आधीच, खोडाकडून, अजून बोलायला न शिकलेल्या आवाजात, 'व्हय' आला.